दाखवेकर

प्रवासात माणूस काय बघतो, हे त्याच्या आवडीवर कमी आणि तो कोणाकडे उतरतो यावर जास्त अवलंबून असतं. दुबईत आम्ही साडूंकडे उतरतो. त्यामुळे सासरच्या गोतावळ्यातल्या एकानेही अजून बुर्ज खलिफाच्या गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही, पण अल क्वोजच्या औद्योगिक वसाहतीतली निम्मी गोदामं आम्हाला तोंडपाठ आहेत.

साडूंचं खरं आडनाव इथे सांगण्यात अर्थ नाही. घरात सगळे त्यांना ‘दाखवेकर’ म्हणतात, आणि हे त्यांना माहीत असूनही त्यांनी कधी हरकत घेतलेली नाही. उलट फोनवर एकदा स्वतःच म्हणाले, “मी दाखवेकर बोलतोय, कधी येताय?” हा माणूस पाहुण्यांना जेवू घालतो, गादी घालून देतो, सिमकार्ड आणून देतो, पण हे सगळं दाखवण्याची पूर्वतयारी म्हणून. विमानातून उतरलेला पाहुणा त्यांच्या लेखी न वापरलेल्या डोळ्यांची एक जोडी असते.

मूळचे डोंबिवलीचे. तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. नव्वदच्या दशकात दुबईला आले आणि अल क्वोजमधल्या एका अ‍ॅल्युमिनियम फॅब्रिकेशनच्या कंपनीत पुन्हा स्टोअरच सांभाळू लागले. आलेला माल मोजायचा, चलनाशी ताडायचा, फूटतूट बघायची, बाहेर गेलेल्या मालाची सही घ्यायची. आता मुलगा दुबईत नोकरीला आहे, त्याच्या व्हिसावर दोघं नवरा-बायको राहतात. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. फक्त माल बदलला.

बुर्ज खलिफा का दाखवत नाहीत, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. “८२८ मीटर आहे. शारजाहून दिसतो. जे लांबून आपोआप दिसतं ते दाखवायला माणूस कशाला लागतो?” दुबई फ्रेम याच नियमात बसून बाद. म्युझियम ऑफ द फ्यूचर २०२२ मध्ये उघडलं, तेव्हा त्यांची थोडी कुचंबणा झाली, कारण इमारत त्यांना मनापासून आवडली होती. अंड्यासारखी, मधे पोकळ, अंगभर अरबी अक्षरं आणि ती अक्षरंच खिडक्या. शेवटी त्यांनी तोडगा काढला: बाहेरून दाखवायची. “सगळी कला बाहेरच आहे, तिकीट आतलं आहे,” असं ते म्हणतात. यावर ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एवढंच म्हणते की यांचं कलाप्रेम अल क्वोजमध्येच का फुललं ते मला विचारा, तिथल्या गॅलऱ्यांना प्रवेश फुकट आहे.

ताईचं म्हणणं निम्मंच खरं आहे. अल क्वोज ही दाखवेकरांसारख्या माणसासाठीच बेतलेली जागा आहे. शेख झायेद रोड आणि अल खैल रोड यांच्या मधला हा पट्टा. गॅरेजं, टायरवाले, फरशांचे डेपो, छापखाने, कामगारांची वसतिस्थानं. टॅक्सीवाला पर्यटकाला इथे सोडताना एकदा मागे वळून ‘नक्की?’ असं बघतो. आणि याच पत्र्यांच्या शेडांमध्ये अलसर्कल अव्हेन्यू नावाची कलावस्ती आहे. पूर्वी इथे संगमरवराचा कारखाना होता. अब्देलमोनेम बिन ईसा अलसर्कल या उद्योजकाने २००७-०८ च्या सुमारास इथली गोदामं गॅलऱ्यांना द्यायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये वस्तीचा पसारा दुप्पट केला. आता एका रांगेत चित्रांची दालनं, नाटकाची जागा, सिनेमा अकील नावाचं एकपडदा कलाचित्रपटगृह, चॉकलेटचा कारखाना आणि एका कपात दोन माणसांचं जेवण होईल एवढी किंमत लावणारी कॉफीची दुकानं. बाहेरून मात्र सगळं करड्या पत्र्याचं. म्हणजे लांबून काहीही दिसत नाही. दाखवायला माणूस लागतोच.

त्यांची पद्धत सांगतो. दालनात शिरल्यावर ते आधी टेबलावरचा छापील कागद उचलतात, ज्यावर कलाकृतींची नावं, साल आणि माध्यम दिलेलं असतं. खिशातून पेन्सिल काढतात. मग भिंतीवरचा एकेक नग कागदाशी ताडून बरोबरची खूण करतात. एका दालनात यादीत चौदा आणि भिंतीवर तेरा निघाले, तर त्यांनी काउंटरवरच्या मुलीला अतिशय अदबीने विचारलं. तिने वर बोट दाखवलं. चौदावी कृती छताला टांगलेली होती. साडूंनी चष्मा कपाळावर घेऊन ती बघितली, खूण केली आणि तिला म्हणाले, “थँक यू, टॅली झालं.”

टॅली झालं की दाखवणं सुरू. प्रत्येक कृतीसमोर पाहुण्याने कुठे उभं राहायचं हे ते ठरवतात. खांद्याला हलकेच धरून दोन पावलं मागे, अर्धं पाऊल डावीकडे. “हं. इथून. आता बोलू नका. नुसतं बघा.” आणि आपण बघायला लागलो की ते आपल्या समोर, थोडेसे बाजूला येऊन उभे राहतात. भिंतीकडे पाठ करून. कारण त्यांना ती कृती बघायचीच नसते. त्यांना आपला चेहरा बघायचा असतो. माल त्यांनी पोचवलेला आहे, आता सही हवी आहे.

आधुनिक कलेसमोर उभं राहून कोणीतरी आपला चेहरा न्याहाळतं आहे, ही अवस्था ज्याने भोगली त्यालाच कळेल. कोपऱ्यात वाळूचा ढीग असतो, त्यावर एक निळा दिवा असतो. वाळूकडे बघताना वाळूचे भाव चेहऱ्यावर आणावेत की दिव्याचे, हे ठरत नाही. मी पहिल्यांदा नुसताच ‘छान आहे’ म्हणालो होतो. साडू काही बोलले नाहीत, पण दिवसभर मला कॉफी मिळाली नाही. हळूहळू त्यांची गुणपद्धती लक्षात आली. ‘छान आहे’ला नापास. ‘वेगळं आहे’ला काठावर पास. ‘विचार करायला लावतं’ला दुसरा वर्ग. ‘अस्वस्थ करतं’ला पहिला वर्ग. आणि काहीही न बोलता मान किंचित तिरकी करून, दीर्घ श्वास सोडून पुढच्या कृतीकडे हळू चालत गेलं, तर विशेष प्रावीण्य. आमच्या चुलतमेव्हण्याने एकदा या शेवटच्या प्रकाराचा इतका अतिरेक केला, की साडूंनी त्याला अबुधाबीच्या लूव्रलाही नेलं. तिथे १८० मीटर व्यासाच्या घुमटाखाली उभा करून सांगितलं, “जाळीचे आठ थर आहेत आणि ७,८५० चांदण्या.” तो उन्हाच्या कवडशांकडे बघत श्वास सोडणार, तेवढ्यात साडू कष्टी आवाजात म्हणाले, “मोजून घेता येत नाहीत, एवढंच.”

भाषाही त्यांनी कमावलेली आहे. दालनांच्या भिंतीवर जे निवेदन लिहिलेलं असतं ते ते फोटो काढून घरी नेतात आणि रात्री मुलाकडून अर्थ समजावून घेतात. त्यामुळे ‘अवकाश’, ‘संवाद’, ‘स्मृती’, ‘विस्थापन’ हे शब्द त्यांच्या तोंडी बसले आहेत. पण स्टोअरचे शब्दही गेलेले नाहीत. दोन्ही एकाच वाक्यात आले की बहार येते. “या कलावंताने स्मृती आणि विस्थापन यांचा जो अवकाश निर्माण केलाय ना, साडूभाऊ, त्याला पॅकिंगच एवढं लागलं असेल की विचारू नका.” इन्स्टॉलेशनला मराठीत मांडणशिल्प म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. म्हणाले, “मग आम्ही आयुष्यभर रॅकवर दुसरं काय केलं?”

२०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही गेलो ते सासूबाईंना घेऊन. त्यांचा पहिला परदेशप्रवास. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखरे, जीभ खणखणीत. साडू महिनाभर आधीपासून तयारीत होते. शनिवारची सकाळ ठरली. गाडी अल क्वोजमध्ये वळली, पत्र्याच्या शेडा सुरू झाल्या, एक सिमेंटचा मिक्सर आडवा गेला, आणि सासूबाई काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, “जावई, हे तर आपल्या एमआयडीसीसारखं दिसतंय. पासपोर्ट कशाला काढायला लावलात?”

साडू हसले. असे पाहुणे त्यांना आवडतात. कोरा माल.

आधी त्यांनी ‘काँक्रीट’ दाखवलं. अलसर्कलमधली ही इमारत रेम कूलहास यांच्या ओएमए या संस्थेची. कूलहास म्हणजे २००० चं प्रित्झकर पारितोषिक मिळालेला वास्तुरचनाकार. संयुक्त अरब अमिरातीत या संस्थेचं पूर्ण झालेलं हे पहिलं काम, मार्च २०१७ मध्ये खुलं झालं. जुन्या गोदामांचंच एक मोठं सभागृह केलेलं आहे. समोरची बाजू अर्धपारदर्शक पॉलिकार्बोनेटची, बाकीच्या भिंतींवर फवारलेलं काँक्रीट, आणि त्या काँक्रीटमध्ये मिसळलेले काचेचे आणि आरशाचे तुकडे, ते उन्हात चमचमतात. हे सगळं साडू सांगत होते आणि सांगता सांगता त्यांच्यातला स्टोअरकीपर वर आला. “पॉलिकार्बोनेट! आम्ही उजेडासाठी छपराला लावायचो, याने तोंडाला लावलं. एवढाच फरक. त्याला पारितोषिक, आम्हाला ओव्हरटाइम.”

आम्ही गेलो तो दोन प्रदर्शनांच्या मधला दिवस होता. सभागृह रिकामं. दुसऱ्या कोणी दिलगिरी व्यक्त केली असती. साडू म्हणाले, “नशीबवान आहात. आत काही असलं की लोकांना भिंती दिसत नाहीत.” आणि त्यांनी आम्हाला रिकामं सभागृह दाखवलं. उभं राहण्याच्या जागांसह. मग आले दरवाजे. आठ मीटर उंचीचे चार दरवाजे, जे सरकतात आणि स्वतःभोवती फिरतातही. ते हवे तसे लावले की सभागृह एक होतं, नाहीतर त्याच्या वेगवेगळ्या खोल्या होतात. साडूंनी सासूबाईंना त्यातल्या एका दरवाज्यासमोर आणलं, अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं आणि स्वतः समोर येऊन चेहरा वाचू लागले.

सासूबाई पायथ्यापासून वरपर्यंत बघत गेल्या. मग खाली आल्या. “कडी कुठंय?”

“अं?”

“एवढ्या मोठ्या दाराला कडी नाही?”

साडूंचा चेहरा पडणार होता, पण तेवढ्यात ते स्वतःच मागे वळून दरवाज्याकडे बघायला लागले. कितीतरी लोकांना त्यांनी तो दरवाजा दाखवला होता. कडीचा विचार त्यांना कधी सुचलेला नसावा.

याच वेळी दुसरं संकट आलं. पलीकडून एक गृहस्थ चार माणसांना घेऊन येत होते, आणि ते भिंतीकडे पाठ करून, आपल्या माणसांकडे तोंड करून, उलटे चालत येत होते. दाखवेकराला दाखवेकर पाठीवरून ओळखतो. दोघांची पाठ जवळजवळ लागली, दोघं वळले, आणि एकमेकांच्या पाहुण्यांच्या साड्या बघून दोघांनाही कळलं की मराठीच आहेत. गृहस्थ नागपूरचे निघाले.

“पाहुणे का?” नागपूरकरांनी विचारलं.

“सासूबाई. आत्ता दरवाजे झाले.”

“मी दरवाजे शेवटी ठेवतो ना भाऊ. आधी भिंती.”

“भिंतीने सुरुवात केली की माणूस थकतो,” साडू म्हणाले.

हे वरवरचं झालं. खरी चकमक पुढे झाली. नागपूरकरांनी आपल्या पाहुण्यांकडे बघत, पण ऐकू आम्हाला जाईल अशा बेताने सांगितलं की आधुनिक भारतीय चित्रकलेचं म्हणाल तर वासुदेव गायतोंडे जन्मले ते नागपुरात, १९२४ साली. साडूंनी आमच्याकडे बघत उत्तर दिलं की जन्माचं काय, शिकले ते मुंबईत, जे. जे. मध्ये. नागपूरकर म्हणाले, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं होतं. साडू म्हणाले, २०१४ साली, मला माहीत आहे. असे दोघं आपापल्या पाहुण्यांमार्फत बराच वेळ लढले. एकाही भिंतीवर गायतोंडे नव्हते. भिंतीवर काहीच नव्हतं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “हे गायतोंडे कुठे बसलेत? त्यांनाच विचारू की.”

निघताना दोघांनी फोन नंबर घेतले. पुढे कळलं की ते एकमेकांना पाहुण्यांच्या तारखा कळवतात. सभागृहात दोन्ही गट एकाच वेळी येऊ नयेत म्हणून.

मग आम्ही इशारा आर्ट फाउंडेशनमध्ये गेलो. स्मिता प्रभाकर यांनी दक्षिण आशियातल्या कलेसाठी सुरू केलेली ही संस्था तेव्हा नुकतीच उघडली होती आणि पहिल्याच प्रदर्शनात दोघींचं काम होतं. एक अलीगढला जन्मलेल्या झरीना, दुसऱ्या मुंबईच्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या शिल्पा गुप्ता. प्रदर्शनाचं नाव दोघींच्या कलाकृतींच्या नावांवरून बेतलेलं. साडूंनी यादी घेतली, टॅली केली आणि सासूबाईंना शिल्पा गुप्तांच्या भिंतीसमोर आणलं. आडनाव बदललेल्या शंभर माणसांच्या गोष्टी. कारणं नाना तऱ्हेची. प्रत्येक गोष्टीबरोबरचं छायाचित्र कापून दोन भागांत विभागलेलं.

साडूंनी नेहमीप्रमाणे जागा ठरवून दिली. पण सासूबाई पायाने अधू असल्याने त्यांना खुर्ची मिळाली, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला अर्धं पाऊल सरकवता येत नाही. साडूंनी सगळं समजावून सांगितलं. शंभर माणसं, शंभर आडनावं, ओळखीचं विस्थापन. मग समोर येऊन उभे राहिले.

“शंभरच?” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे, आई?”

“आमच्या चाळीत दोन मजल्यांवर मिळून याहून जास्त बायका होत्या. सगळ्यांची बदललेली. माझं तर आडनाव गेलं, नावही गेलं. तुमच्या सासऱ्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं नवं नाव. भटजी म्हणाले, वाचा. वाचलं. झालं. एकानेही फोटो काढला नाही हो कापून लावायला.”

साडू तिथेच उभे. याला कितवा वर्ग द्यायचा, हे गुणपद्धतीत नव्हतं. हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली होती. त्यांनी विचारलं, “आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?” चाळीस वर्षांचा जावई. माझी बायको आणि ताई एकमेकींकडे बघू लागल्या. आडनाव दोघींना माहीत होतं, नाव एकीला अर्धवट.

“आता कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “दाखवा पुढचं.”

पुढच्या झरीनांच्या भिंतीपाशी साडूंनी जागा ठरवून दिली नाही. आम्ही आपापल्या अंदाजाने उभे राहिलो. मी श्वास सोडला, पण तो टिपून घ्यायला समोर कोणी नव्हतं. साडू आमच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभे होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी नेहमीच्या रस्त्याने घेतली नाही. दोन गल्ल्या सोडून एका फाटकापाशी थांबवली. मोठं निळं फाटक, कुलूप लावलेलं, मागे एक लांबच लांब शेड. “ही आमची कंपनी,” ते म्हणाले. “आता दुसऱ्याच कोणाची आहे.” खाली उतरले. उन्हात फाटकाच्या फटीतून बघत राहिले. सांगायला लागले, पण आमच्याकडे न बघता. ऑगस्टमध्ये पत्र्याखाली माल उतरवायचा म्हणजे काय, पट्ट्या हाताला कशा चिकटायच्या, पहिली दोन वर्षं खोलीत सहा जण कसे राहायचे, डोंबिवलीला शुक्रवारी एकदाच फोन, तोही कार्डातले पैसे मोजत. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ताईलाही सगळं माहीत नसावं, कारण ती गाडीतून उतरून जवळ येऊन उभी राहिली.

आमच्या अंगात मात्र त्यांचंच शिक्षण मुरलेलं होतं. आम्ही सगळे नकळत शेडकडे पाठ करून उभे होतो आणि साडूंचा चेहरा बघत होतो.

गाडीत बसूनच सासूबाईंनी काच खाली केली. “काय वाटलं, जावई?”

साडूंनी जरा विचार केला. “पत्रे बदललेत,” ते म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, “पहिला वर्ग.”

आता खरं तर हा माणूस सुधारायला हवा होता. दाखवणं सोडून बघायला लागायला हवा होता. तसं काही झालेलं नाही. झालं ते एवढंच की त्यांच्या फेरीत एक ठिकाण वाढलं. गेल्या वर्षी माझा भाचा दुबईला जाऊन आला. त्याने सांगितलं की काँक्रीट झालं, इशारा झालं, आणि मग भर दुपारी काकांनी त्याला एका कुलूपबंद निळ्या फाटकासमोर नेलं. दोन पावलं मागे घेतलं, अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं, बोलू नको म्हणाले आणि समोर येऊन उभे राहिले. यादी नव्हती, निवेदन नव्हतं, कलावंताचं नाव कुठेच दिसत नव्हतं. भाचा हुशार आहे, जाण्यापूर्वी माझ्याकडून शिकून गेला होता. त्याने फाटकाकडे बराच वेळ बघितलं, मान किंचित तिरकी केली, दीर्घ श्वास सोडला आणि म्हणाला, “काका, अस्वस्थ करतं.”

त्याला दोन कॉफ्या मिळाल्या.